शब्दचर्चा : 'गायक-गीतकार', 'ऑर्केस्ट्रा' आणि परभाषेत गेलेलं गाणं

टिपणवही :
एका टिपणातल्या वाक्यावर अडकले आहे. वाक्य असं : 'फ्रेंच गायक-गीतकार लेओ फेरे याने १९७७ साली आपली गाणी इटालियन भाषांतरात, ऑर्केस्ट्रासह ध्वनिमुद्रित केली.' तबकडीचं नाव 'ला मूझिका मी प्रेंदे कोमे लामोरे', म्हणजे संगीत मला प्रेमासारखं ताब्यात घेतं. माहितीबद्दल तक्रार नाही, पण वाक्य वाचल्यावर डोळ्यांपुढे भलताच माणूस उभा राहतो. घरात मोठ्याने वाचून दाखवलं तर आत्या म्हणाली, "ऑर्केस्ट्रा? मग किशोरकुमारची गाणी म्हणत असेल." काय करू?

पेटीवाला :
आत्याबाईंचं बरोबर आहे. मराठीत 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे मांडव, चमकीचा कोट, दोन गायिका, मध्ये एक मिमिक्रीवाला आणि शेवटी 'वन्स मोअर'. मुंबईत तर पुढे 'बार' लागतो. गंमत म्हणजे मूळ ग्रीक शब्दात वाजवणारे नव्हतेच. 'ऑर्खेस्त्रा' ही रंगमंचापुढची गोल मोकळी जागा, कोरस जिथे नाचायचा ती. जागेचं नाव पुढे त्या जागेत बसणाऱ्यांना चिकटलं.
'वाद्यवृंद' लिहा. आकाशवाणीने १९५२ पासून हा शब्द रुळवला आहे, त्यात मिमिक्री शिरत नाही.

टिपणवही :
वाद्यवृंद मान्य. पण 'गायक-गीतकार'? आपल्याकडे गीतकार म्हणजे फक्त शब्द लिहिणारा. रेडिओवरसुद्धा तीन नावं वेगळी सांगतात : गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्यांचे. फेरे तर चालीही स्वतः करायचा. वाचणाऱ्याला वाटेल, चाल कुणा तिसऱ्याची.

मिलानहून :
फ्रेंच लोक तिन्ही कामं ओळीने सांगतात : 'ओतर-कोंपोझितर-अँतेरप्रेत'. लेखक, स्वरकार, गायक. पत्त्यासारखं लांब, पण चूक नाही. इथे इटलीत १९६० च्या आसपास 'कांतांते' (गायक) आणि 'आउतोरे' (कर्ता) यांची मोट बांधून 'कांताउतोरे' केला. तो आज भाजीवालाही वापरतो.
जाता जाता : फेरे जन्माने मोनाकोचा, १९१६ चा. आई मूळची इटालियन, शाळा इटलीतल्या बोर्दिगेरा गावातली. पुढे इटलीतल्याच तोस्काना प्रांतात कास्तेलिना इन क्यांतीला राहिला आणि १९९३ मध्ये तिथेच वारला. त्यामुळे 'फ्रेंच माणूस इटालियनमध्ये गायला' यात नवल फार नाही.

लालपेन :
मराठीत शब्द आहे की, 'शाहीर'. लिहितो, चाल बांधतो, गातो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख. आणि तुमचा फेरे अराजकवाद्यांवर गाणी लिहिणारा. फिट बसतो.

टिपणवही :
मोह झाला होता. पण शाहीर म्हटलं की डफ ऐकू येतो, व्हायोलिनं नाही.

देवगिरीकर :
मग आठशे वर्षं मागे या. शब्द आपल्याच अंगणात पडलेला आहे : 'वाग्गेयकार'. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या संगीतशास्त्राच्या ग्रंथातला. शार्ङ्गदेव देवगिरीला यादवराजा सिंघणाच्या पदरी श्रीकरणाधिप होता, म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य. त्याच्या व्याख्येत हिशेबनिसाची शिस्त दिसते : 'वाङ्मातुरुच्यते गेयं धातुरित्यभिधीयते.' शब्द म्हणजे मातु, चाल म्हणजे धातु. दोन्ही करतो तो वाग्गेयकार.

पेटीवाला :
शब्द चोख, पण आज 'वाग्गेयकार' म्हटलं की कर्नाटक संगीतातले त्यागराज आठवतात. फेरेचं गाणं सुरू झालं पॅरिसच्या तळघरातल्या कॅबरेंत, म्हणजे खातापिता गाणी ऐकायच्या छोट्या जागांत. त्याच्या हातात तंबोरा देऊ नका हो!

देवगिरीकर :
तंबोरा तुम्ही दिलात, व्याख्येत नाही. आणि ही व्याख्या फेरेला नेमकी लागते कुठे, ते बघा. त्याने बोदलेर, व्हर्लेन, राँबो, आरागाँ यांच्या कवितांनाही चाली लावल्या. तिथे तो फक्त धातुकार. 'गायक-गीतकार' म्हटलं की ती सगळी गाणी नकळत त्याच्या नावावर चढतात.

मिलानहून :
बोदलेर निघालाच आहे म्हणून. त्याच्या एका कवितेची पहिली ओळ अशी की संगीत मला कितीदा समुद्रासारखं ताब्यात घेतं. इटालियनमध्ये समुद्र 'मारे' आणि प्रेम 'आमोरे'. तबकडीच्या नावात मला तोच प्रतिध्वनी ऐकू येतो. माझा कान, दुसरं काही नाही.

टिपणवही :
आता तिसरा काटा, 'भाषांतरात'. छापलेली कविता भाषांतरात वाचतात. गाणं 'भाषांतरात' कसं गातात? चाल तर तीच आहे.

मिलानहून :
खरी मारामारी इथेच. त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं 'अवेक ल ताँ', म्हणजे काळ जाईल तसं. गाताना चार अक्षरं, अ-वेक-ल-ताँ, आणि वजन, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या 'ताँ'वर. इटालियन 'कोल तेंपो'. अक्षरं तीन, आणि वजन 'तें'वर. 'पो' मागे लोंबकळतो. चाल ज्या अक्षरावर पाय रोवते तिथे आता पायरीच नाही.
इटालियन छंदशास्त्रात शब्दांना वजनावरून नावं आहेत. शेवटच्या अक्षरावर वजन तो 'त्रोंका', तोडलेला. शेवटून दुसऱ्यावर तो 'प्याना', सपाट. तिसऱ्यावर तो 'स्द्रुच्चोला', घसरडा. बहुतेक शब्द सपाट. फ्रेंच चालीला हवे असतात तोडलेले, आणि ते मोजकेच. म्हणून गीतकार 'आमोरे'चा 'आमोर' करतात, 'क्वोरे'चा 'क्वोर', किंवा भविष्यकाळात शिरतात, कारण 'सारा', 'वेर्रा' ही रूपं शेवटी जोर देतात. प्रेमगीतांत सगळं उद्याच घडत असतं ते बहुधा त्यामुळे! फेरेचं अराजकवाद्यांवरचं गाणं इटालियनमध्ये 'ल्यी आनार्किची' होतं. 'आनार्किची' हा घसरडा. फ्रेंच शब्द शेवटी जोर देतो, हा 'नार'वर देऊन पुढची दोन अक्षरं सोडून देतो.

पेटीवाला :
आमच्याकडे उलटं. चालीला अक्षर कमी पडलं की 'गं', 'रे', 'हो', 'बाई' खिशातून काढायचे. ते तोडतात, आपण ठिगळ लावतो. यालाच 'मीटरवर शब्द बसवणे' म्हणतात. म्हणून 'भाषांतर' नको, 'त्याच चालीवर इटालियन शब्द' म्हणा. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' छापलेलं असतं. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून (१८८०) आपण हेच करत आलो.

देवगिरीकर :
आणि हे करणाऱ्यालाही शार्ङ्गदेवाने नाव देऊन ठेवलंय. दुसऱ्याच्या धातूवर आपला मातु रचतो तो 'कुट्टिकार'.

लालपेन :
काय सांगता! म्हणजे फेरेचा इटालियन अनुवादक कुट्टिकार?

देवगिरीकर :
अगदी तोच. फक्त कुट्टिकाराला मूळ अर्थाचं ओझं नव्हतं, अनुवादकाला आहे. अजून एक घ्या. 'वृंद' हा शब्दही 'संगीतरत्नाकरा'च्या तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात आहे, आकड्यांसकट : उत्तम वृंदात मुख्य गायक चार, सोबत गाणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार, मृदंगवाले चार. एकूण ३२. त्याहून मोठा झाला तर त्याचं नाव 'कोलाहल'.

पेटीवाला :
मग सिंफनीचा ताफा म्हणजे कोलाहल. ताई, 'वाद्यवृंद' काटा, 'कोलाहलासह' लिहा!

मिलानहून :
हसू नका, कोलाहलापुढे फेरे स्वतः उभा राहायचा. १९७५ मध्ये पॅरिसला त्याने वाद्यवृंदाचं संचालन केलं, त्यात राव्हेलचा डाव्या हाताचा पियानो कॉन्चेर्तोही होता, म्हणजे वाद्यवृंदासोबत पियानो फक्त डाव्या हाताने वाजवायची रचना. त्यानंतरच्या तबकड्यांसाठी मिलानचा सिंफनी वाद्यवृंद. त्यामुळे वाक्यात 'वाद्यवृंदासह' म्हणालात तर निम्मंच होतं. संयोजन त्याचं, छडीही त्याचीच. 'संगीत दिग्दर्शन' मात्र लिहू नका, ते सिनेमाचं होईल. 'वाद्यवृंदसंचालन'.

टिपणवही :
सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालंय : 'शब्द, चाल आणि गळा तिन्ही स्वतःचे असलेल्या लेओ फेरे याने १९७७ साली आपली फ्रेंच गाणी मूळ चालींवरच्या इटालियन शब्दांत गाऊन ध्वनिमुद्रित केली, वाद्यवृंदाचं संयोजन आणि संचालनही त्याचंच.' 'वाग्गेयकार' आणि 'कुट्टिकार' तळटीपेत घालते, नाहीतर संपादक फोन करतील. आत्याला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग सरळ सांग ना, सगळं तोच करायचा."

लालपेन :
आत्यांचं वाक्य तुमच्यापेक्षा बरं आहे. आणि 'तिन्ही स्वतःचे' कसे? काही शब्द बोदलेरचे आहेत ना? तिथे 'बहुतेक' घाला.