सोनेरी काठाची फ्रेंच बशी: राजाच्या कारखान्यातली की नक्कल?

प्रश्न (सोलापूर):
आमच्या घरी आजोबांच्या काळापासून सोनेरी काठाची एक निळी बशी आहे. तिच्या मध्यभागी फुलांचा गुच्छ असून मागे एकमेकांत गुंतलेली दोन ‘एल’ अक्षरे आणि त्यांच्या मधोमध ‘एफ’ आहे. फ्रान्समधील सेव्र येथील राजाच्या कारखान्याची हीच खूण होती, असे वाचनात आले. त्यावरून ही बशी तिथलीच मानावी का? दिवाळीच्या साफसफाईत ती कशी धुवावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
खूण तिथलीच आहे, पण केवळ खुणेवर विसंबू नये. हा कारखाना व्हँसेन येथे १७४० मध्ये सुरू झाला, १७५६ मध्ये सेव्रला हलला आणि १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तो स्वतःच्या मालकीचा केला. गुंतलेले दोन ‘एल’ राजाच्या नावाचे आणि मधले अक्षर वर्षाचे. ‘एफ’ म्हणजे साधारण १७५८. मात्र एकोणिसाव्या शतकात इतरांनीही हीच खूण सर्रास वापरली. शिवाय कारखान्याने विकलेला जुना कोरा माल बाहेरच्या रंगाऱ्यांनी रंगवला, त्यामुळे माती अस्सल आणि चित्र मागाहूनचे, असेही आढळते.

म्हणून आधी माती तपासावी. फ्रान्समधील लिमोजजवळ केओलिन ही पांढरी माती सापडल्यावर, १७६९ च्या सुमारास सेव्रला तिच्यापासून कठीण पोर्सिलेन (चिनी मातीचा प्रकार) बनू लागले. त्याआधीचा सारा माल मऊ, म्हणजे केओलिनशिवाय बनवलेल्या पोर्सिलेनचा. आपली बशी कठीण निघाली, तर ‘एफ’ खोटा ठरतो. तिरप्या उजेडात पाकळ्या भिंगाखाली पाहा: मऊ प्रकारात रंग झिलईत मुरलेले दिसतात, कठीण प्रकारात ते वर बसल्यासारखे वाटतात.

उत्तर २:
निळा रंग फिरोजी आहे का, हेही कळवावे. तो मऊ पोर्सिलेनवरच नीट खुलत असे. म्हणूनच रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनसाठी १७७६ ते १७७९ दरम्यान सातशेहून अधिक नगांचा फिरोजी संच घडवला, तेव्हा कठीण पोर्सिलेन हाताशी असूनही मुख्यतः मऊच वापरले गेले.

सोन्याकडेही लक्ष द्यावे. त्या काळी सोने मधात घोटून लावत, मंद आचेवर भाजत आणि मग अकीकासारख्या दगडाने घासून चमकवत, त्यामुळे ते जाडसर असून त्यावर घासून काढलेली नक्षीही दिसते. आरशासारखा पातळ, सपाट मुलामा असेल, तर तो बहुधा १८३० नंतरच्या द्रवरूप सोन्याचा. दोन्ही प्रकारांत सोने झिलईच्या वर असते, म्हणून चिंच, राख, घासणी कटाक्षाने टाळावी. कोमट पाण्यात मऊ फडक्याने धुऊन लगेच टिपावी.

उत्तर ३:
हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सेव्रची भांडी आहेत आणि सोलापूरहून रेल्वेने तिथे सहज जाता येते. बशी सोबत नेऊ नये. काठाचे आणि मागच्या खुणेचे जवळून काढलेले फोटो पुरतील.