मदत हवी आहे : व्हिडिओ एडिटिंग शिकतोय, मोबाइलच्या शूटिंगशी आवाज पुढे-मागे होतो

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातल्या एका खेड्यातला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी धानाची शेती. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालतं. यंदा मी ते मोबाइलवर शूट केलं. रोवणीचं शूटिंग आधीचं होतंच. आईनं चिखलात रोप खोवलं तो क्षण आणि लगेच तबल्यावर पडलेली थाप, हे दोन शॉट जोडले तेव्हा अंगावर काटा आला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

अडचण अशी. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरतो, लॅपटॉपला रॅम ८ जीबी. प्रॉक्सी, म्हणजे व्हिडिओच्या हलक्या प्रती, बनवल्यापासून टाइमलाइन अडकत नाही. पण नाटकाचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय आणि तो सुरुवातीला जुळवला तरी वीसेक मिनिटांनी ओठांच्या पुढे जातो. मोबाइलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं घेतो ते) कमीजास्त होतो म्हणून असं होतं, एवढं कळलं. मग आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम रेट कायम करून घ्यावा, की आवाज तुकड्या-तुकड्यानं जुळवावा? गाण्यात तुकडा पाडायला जीव होत नाही.

दुसरं, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या ३ वर्षांच्या एडिटिंग कोर्सला पदवी लागते, म्हणजे हाताशी दीड वर्ष आहे. प्रवेश परीक्षेची तयारी गावात राहून केलेलं कुणी आहे का? बाबा म्हणतात, पदवी घे, मग बघू. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, हेच माझ्यासाठी खूप आहे.