नवा बँड माणसाकडून कळावा, ॲपकडून नको

तारसप्तक (धागाकर्ता)

नवीन बँड कसा सापडला असं कुणाला विचारलं तर हल्ली एकच उत्तर येतं: "ॲपने लावलं." एक गाणं संपतं, दुसरं आपोआप सुरू होतं, आवडलं तर हृदयावर बोट दाबायचं. बँडचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा काढतोय.

आधी यंत्रणा कशी चालते ते बघू. स्पॉटिफाय हे गाण्यांचं ॲप भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. त्याचं 'डिस्कव्हर वीकली' २०१५ पासून दर सोमवारी ३० गाणी काढून देतं. ती निवडताना तुमच्यासारख्या आवडीचे बाकीचे लोक काय ऐकतात हे पाहिलं जातं. मग ज्याला अजून कुणीच ऐकलेलं नाही असा काल-परवा उभा राहिलेला बँड त्यात येणार कुठून? शिवाय 'डिस्कव्हरी मोड' आहेच. कलाकाराने त्या शिफारशींतून होणाऱ्या कमाईवर ३० टक्के कमिशन द्यायचं कबूल केलं की गाणं पुढे सरकण्याची शक्यता वाढते. आणि २०२४ पासून नियम असा की मागच्या १२ महिन्यांत गाणं १००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. नव्या बँडची बहुतेक गाणी सुरुवातीला याच रेषेखाली असतात.

माझं मत सरळ आहे. नवा बँड माणसाने माणसाला सांगावा. लिंक नुसती ढकलू नका. "दुसऱ्या कडव्यानंतर बास गिटार एकटी उरते तिथे ऐक" एवढं एक वाक्य सोबत लिहा. जमेल तेव्हा तिकीट काढून गिगला, म्हणजे बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाला, जा. अल्बम विकत घ्यायचा तर बँडकॅम्पवर घ्या, त्या साइटवर कलाकार स्वतः विकतात. हे केलं नाही तर आपल्या कानावर तेच ते पडत राहील आणि नवे बँड दोन-तीन वर्षांत दमून नोकरीला लागतील.

रंगभवनी

शंभर टक्के सहमत.

धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा. तिथे कोण वाजवणार हे कॉलेजच्या कट्ट्यावर कळायचं. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी चक्क अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे रॉक संगीताचं मासिक सुरू केलं, तेव्हा शिलाँगच्या बँडची बातमी मुंबईत पोचायला लागली. एक अंक दहा हातांतून फिरायचा. कॅसेटवरून कॅसेट भरून द्यायची तर पूर्ण पाऊण तास डेकपाशी बसावं लागायचं, त्यामुळे ज्याला देतोय त्याला ते आवडेल का याचा विचार आधी व्हायचा. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. तसं उघड्यावरचं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं ठिकाण मुंबईला परत मिळालं नाही.

खानदेशी

तारसप्तक, हेतू चांगला आहे, पण हे सगळं पुण्या-मुंबईच्या माणसाचं बोलणं आहे. "गिगला जा." कुठल्या? भुसावळला स्वतःची गाणी वाजवणारा बँड ऐकायचा तर कुठे जायचं ते सांगा. आमच्याकडे गणपतीत डीजे, नवरात्रात ऑर्केस्ट्रा. माझ्या कॉलेजात इंडियन ओशन या बँडचं नाव कुणाला माहीत नव्हतं. मला ते यूट्यूबने ऐकवलं. त्यावरून स्वरात्मा सापडला, त्यावरून केरळचा अवियल, मल्याळमचं एक अक्षर कळत नसताना. अख्ख्या गावात हे ऐकणारा दुसरा माणूस नव्हता. माणसाकडून माणसाला म्हणता, तो माणूस मी आणायचा कुठून?

आणि कलाकाराच्या बाजूनेही बघा. गायक संजू राठोड आमच्या जळगाव जिल्ह्याचा. २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' स्वतःच्या चॅनेलवर आलं आणि देशभर वाजलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, '१००आरबीएच', वऱ्हाडीत रॅप करून महाराष्ट्रभर पोचला. दिल्लीचा ब्लडीवुड, हिंदी-पंजाबी शब्दांचं मेटल, यूट्यूबवरून उठून २०१९ मध्ये जर्मनीत वाकेन या मेटल महोत्सवाच्या स्टेजवर उभा राहिला. यांना मुंबईच्या कुठल्या जाणकारांनी आधी हात दिला होता? ॲपवर जात, गाव, इंग्रजी बोलणं यातलं काही विचारलं जात नाही. जाणकारांच्या खोलीत शिरताना हे सगळं मोजलं जातं.

तारसप्तक

गाव आणि इंग्रजीचा मुद्दा खरा आहे, त्यावर वाद नाही. पण तुमचीच उदाहरणं बघा. 'गुलाबी साडी' पसरलं ते लोकांनी त्यावर नाचून रील केले म्हणून. लग्नाच्या हॉलमध्ये मावश्यांनी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी. सौरभ २०२२ च्या 'एमटीव्ही हसल' या टीव्हीवरच्या रॅप स्पर्धेत होता, तिथे परीक्षक म्हणून माणसंच बसली होती. यंत्राने ते पुढे नेलं, मान्य. पण आधी कुणाला तरी ते आवडलं होतं आणि त्याने ते बोलून दाखवलं. मी नेमकं तेवढंच मागतोय.

बासवाला

पुण्यातल्या एका बँडमध्ये बास वाजवतो. नाव देत नाही, जाहिरातीसाठी लिहीत नाहीये.

धागा वाचून बरं वाटलं, पण गाणी सुचवणाऱ्या अल्गोरिदमला एवढं झोडपणं मला पटत नाही. स्पॉटिफाय कलाकाराला शहरवार यादी दाखवतं, कुठे किती लोक ऐकतात ती. आम्हाला वाटलं होतं पुणे-मुंबईखाली नाशिक असेल. निघालं इंदूर! तिथे आमचा ना मित्र, ना नातेवाईक. त्या यादीच्या जोरावर इंदूरच्या एका कॅफेला फोन केला आणि गेलो. समोरच्या टेबलावरच्या पोरांना शब्द पाठ होते. कडव्यातला जो शब्द आमचा गायक नेहमी खातो, तोसुद्धा ती पोरं स्पष्ट म्हणत होती. त्यांना आमच्यापर्यंत कुठल्याही मित्राने आणलं नव्हतं.

आता गिगबद्दल. कार्यक्रम ठरवताना पहिला प्रश्न येतो: "ओरिजिनल किती, कव्हर किती?" म्हणजे स्वतःची गाणी किती आणि दुसऱ्यांची किती. सगळीच ओरिजिनल म्हटलं की समोरचा गप्प होतो. मग तडजोड. ड्रमर स्वतःचा स्नेअर, सिंबल आणि किक पेडल घेऊन रिक्षात बसतो, बाकीचा किट जागेवरचा. साउंड चेकला अर्धा तास कबूल केलेला असतो, मिळतात दहा मिनिटं. मॉनिटरमधून, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरमधून, गायकाला स्वतःचा आवाज येत नाही, तो ओरडून गातो आणि तिसऱ्या गाण्याला घसा बसतो. पहिल्यांदा ऐकणारा मग म्हणतो, बँड कच्चा आहे. त्यामुळे गिग म्हणजेच खरं ऐकणं असं मी तरी म्हणणार नाही. कधीकधी आमचं सगळ्यात वाईट वाजवलेलं लोक तिथेच ऐकतात.

बँडकॅम्पचं म्हणाल तर व्यवस्था चांगली आहे. डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि व्यवहाराचा खर्च कापून बाकी कलाकाराला. मार्च २०२० पासून अधूनमधून जे 'बँडकॅम्प फ्रायडे' होतात, त्या दिवशी ते १५ टक्केही सोडतात. पण तिथले पैसे पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेतून फिरतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय बंद केली. म्हणजे पुण्यातल्या घोरपडीच्या श्रोत्यापेक्षा बर्लिनच्या श्रोत्याला आमचा अल्बम घेणं सोपं. म्हणून आम्ही टी-शर्टच्या टेबलावर यूपीआयचा क्यूआर कोड चिकटपट्टीने लावतो. खरी मदत तिथे होते. गाणं आवडलं तर ते स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये घाला आणि बँडला फॉलो करा. पुढच्या गाण्याच्या दिवशी तेच कामाला येतं.

निशिगंधा

माझं मत इथल्या सगळ्यांच्या उलट आहे. आवडलेला प्रत्येक बँड जगाला सांगायलाच पाहिजे, हे मला पटत नाही.

गायक प्रतीक कुहाडला लोक आधी लहान खोल्यांमध्ये, जमिनीवर बसून ऐकत होते. २०१९ च्या शेवटी बराक ओबामांनी वर्षातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत त्याचं 'कोल्ड/मेस' टाकलं. ते यश त्याचं हक्काचं आहे. पण मोठ्या मैदानात एका गाण्यासाठी आलेली गर्दी बाकीच्या गाण्यांत गप्पा मारते, ते गाणं आलं की फोन वर करते. शांतपणे ऐकायला आलेल्याला मागे उभं राहून दुसऱ्याच्या फोनच्या पडद्यात गायक बघावा लागतो. लहान बँडचं संगीत बरेचदा लहान खोलीसाठीच बांधलेलं असतं. म्हणून मी मोजक्या मैत्रिणींनाच सांगते, आणि ज्यांना सांगते त्या येतात, ऐकतात, पुन्हा येतात.

रंगभवनी

निशिगंधाताई, मोजक्या लोकांवर जागा चालत नाहीत हो. लोअर परळच्या मिल कंपाउंडमधलं ब्लू फ्रॉग हे मैफिलींचं ठिकाण २००७ मध्ये सुरू झालं, आवाज आणि मांडणी दोन्ही उत्तम, देशभरचे बँड तिथे वाजवून गेले. २०१६ मध्ये मुंबईतलं ते बंद झालं. त्याच वर्षी काळाघोड्याचं रिदम हाउस हे संगीताचं दुकान मिटलं. दोन्हीवर जीव असणारे लोक कमी नव्हते. पण मुंबईतल्या जागेचा खर्च जिवाभावाच्या गिऱ्हाइकांवर निघत नाही, त्यासाठी नवखी गर्दीही लागते. ती फोन वर करून उभी राहिली तरी तिकीट काढून आलेली असते.

निशिगंधा

जागा चालवायला गर्दी लागते, कबूल. ती गर्दी बँडने स्वतःचं गाणं बदलून मिळवावी का, हा माझा प्रश्न आहे. पहिल्या पाच सेकंदांत हुक, म्हणजे कानात अडकणारा तुकडा, हवा, गाणं अडीच मिनिटांत संपलं पाहिजे, हे आता नवे बँड आपणहून करतात. तीस सेकंद ऐकल्याशिवाय ॲपवर गाणं मोजलंच जात नाही, म्हणून आलाप शेवटी ढकलतात. माझ्या कानाला हे ऐकू येतं.

माळरान

मूळ धाग्यात एक मोठी जागा रिकामी आहे. इंडी, म्हणजे स्वतंत्र बँडचं संगीत, म्हटलं की आपल्या गप्पांत इंग्रजी किंवा हिंदीच का? मराठीत काय चाललंय ते मराठी माणूसच एकमेकांना सांगत नाही.

'स्वदेशी' या हिप-हॉप गटाचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. आरेच्या जंगलावरचं त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' आरेतल्याच प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केलेलं आहे. अभंग रिपोस्ट हा बँड तुकोबांचे शब्द इलेक्ट्रिक गिटारवर गातो आणि चालीला धक्का न लावता गातो. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, ती कंपनी नेदरलँड्सची. डच कंपनीला मराठी गाणं चालतं आणि पुण्यातला कॅफेवाला "मराठीतलं एखादंच घ्या" म्हणतो. यात ॲपचा काय दोष? आपण स्वतः मागत नाही, म्हणून तो तसं म्हणतो. केरळात थैक्कुडम ब्रिज हा बँड मल्याळममध्ये गातो आणि त्याला कुणी भाषेचं विचारत नाही.

बासवाला

माळरानला +१. आमची दोन गाणी मराठीत आहेत आणि कार्यक्रमात तीच आधी कापली जातात.

सिॲटलकर

दोन्ही बाजू वाचल्या. इथे सिॲटलला केईएक्सपी नावाचं रेडिओ केंद्र आहे, मोठा आधार श्रोत्यांच्या देणग्यांचा. गाणी निवेदक स्वतः निवडतात. सकाळच्या कार्यक्रमात सेनेगलच्या गाण्यानंतर इथल्याच गल्लीतल्या बँडचं पहिलं गाणं लागतं आणि निवेदक त्याच्याबद्दल दोन वाक्यं बोलतो. त्यांच्या स्टुडिओत वाजवलेल्या मैफिली नंतर यूट्यूबवर जातात, तिथून जगभर. निवड माणसाची, वाहतूक यंत्राची.

तिकडे खाजगी एफएम हे करणार नाही, कारण ते सिनेमाच्या गाण्यांवर चालतं. पण सामुदायिक रेडिओ आहे ना! पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वर लागतं. म्हसवडला माणदेशी तरंग ९०.४ वर आहे. आठवड्यात एक तास नव्या मराठी बँडना द्या, असं कुणी जाऊन विचारलंय का?

खानदेशी

कल्पना चांगली आहे, पण सामुदायिक रेडिओचा आवाका दहा-पंधरा किलोमीटरचा. विद्यावाणीवर लागलेलं भुसावळला ऐकू येणार नाही. तोच तास रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला तर मी पहिला ऐकेन, आणि तो तास मला सुचवेल तेच ॲप, ज्याला तुम्ही इथे नावं ठेवताय.

तारसप्तक

टाकू यूट्यूबवर, माझी हरकत नाही. पण गाण्याआधीचं बोलणं कापायचं नाही. कुणी निवडलं आणि का निवडलं हे ऐकू आलंच पाहिजे, त्यावर मी अडून बसणार. विद्यावाणीत जाऊन विचारायचं काम माझ्याकडे, पुण्यातलं आणखी कुणी सोबत येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. माळरान, मराठी बँडची यादी तुम्हीच करा. विदर्भ-मराठवाड्यातले बँड त्यात आधी घ्या.

बासवाला

आमची मराठीतली दोन्ही गाणी द्यायला तयार आहोत, हक्क आमच्याकडेच आहेत. एमपी३ मागू नका, आवाज न दाबलेली नीट डब्ल्यूएव्ही फाइल देतो. इतर बँडनाही मी विचारतो, पण त्यांना एक गोष्ट आधी सांगावी लागेल: गाणं पूर्ण लागेल की मध्येच तोडणार?