मदत हवी आहे: बाबांच्या ठेवींवर नॉमिनी काका, आणि आजीचीही सही लागेल म्हणतात

धागाकर्ती: कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बाबा मार्चमध्ये गेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, मी (ठाण्यात, लग्न झालेलं), धाकटा भाऊ (मेलबर्नला) आणि बाबांची आई. आजी ८७ वर्षांची आहे, कराडजवळ गावी काकांकडे असते.

गुंता असा आहे. बाबांचं बँक खातं लग्नाआधीचं, त्यावर नॉमिनी म्हणून काकांचं नाव. पुढे मुदतठेवी त्याच खात्याला जोडून होत गेल्या आणि नॉमिनीही तोच राहिला. ठेवी मिळून अकरा लाखांच्या आसपास. बँक म्हणते, पैसे काकांनाच देणार, तुमचं तुम्ही बघा. काका सरळ माणूस आहेत. "वहिनी, तुमचे पैसे तुमचेच," असं आईला त्यांनी समोर बसून सांगितलंय. पण काकू परवा फोनवर म्हणाल्या, "दादांनी विचार करूनच नाव घातलं असेल ना?" तेव्हापासून आईला झोप नाही.

दुसरं, गावाकडच्या एका सहकारी बँकेत तीनेक लाख आहेत, तिथे नॉमिनीच नाही. ते कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतायत. पुण्यातला फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी आई. गावी सातबाऱ्यावर आजी, बाबा, काका आणि आत्या अशी चार नावं.

आणि आता एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की प्रत्येक गोष्टीत आजीचाही हिस्सा आहे, तिची सही घ्यावीच लागेल. हे खरं का? मुलगा गेलेल्या बाईपुढे कागद कसे ठेवायचे?

ता. क. एक नातेवाईक सुचवतायत की बाबांचं एटीएम कार्ड चालू आहे तोवर पेन्शनच्या खात्यातले पैसे काढून घ्या. आम्ही हात लावलेला नाही.

पासबुक

आधी ता. क.चं. लावलेला नाही ते उत्तम, लावूही नका. माणूस गेल्यावर त्याच्या कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढणं बेकायदा आहे आणि नोंद तारीखवार उरते. शिवाय मृत्यूनंतरच्या काळासाठी पेन्शन जमा झाली असेल तर ती कोषागार परत घेतं. मृत्यूचा दाखला आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत घेऊन आईंच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज कोषागारात लगेच द्या, बाकी सगळं नंतर. पीपीओवरचं आईंचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, तेही आजच बघा. मी बँकेत होतो. आमच्याकडे निम्म्या फायली "सुमन की सुनंदा" यावर अडायच्या.

सहकारी बँकेचं: नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश आहेत, अंमल ३१ मार्च २०२६ पर्यंत करायचा होता. सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंतच्या रकमेला, वारसांत वाद नसेल तर, कोर्टाचं प्रमाणपत्र मागायचं नाही. दाव्याचा अर्ज, हमीपत्र, बाकीच्या वारसांचं नाहरकत, एवढ्यावर काम व्हायला हवं. सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा, उशीर बँकेमुळे झाला तर भरपाई. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार देत असतील तर तोही लेखीच मागा. तोंडी नकार देणारा साहेब लेखी द्यायची वेळ आली की नियमांची फाईल उघडतो, हा माझा खुर्चीच्या दोन्ही बाजूंचा अनुभव.

सनदशीर

वकिली करतो, पण हा सल्ला फुकट असल्यामुळे तेवढ्याच वजनाने घ्या.

नॉमिनीबद्दल बँक बरोबर आहे आणि काकू चूक. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक सुटली. काका मात्र मालक होत नाहीत, वारसांच्या वतीने रक्कम हातात घेणारे होतात. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे. बँकेशी भांडू नका. काकांना दावा करू द्या, रक्कम त्यांच्या खात्यात येऊ द्या आणि तिथून धनादेशाने किंवा बँकेतूनच वळती करून घ्या. रोख नको. त्याआधी एक साधा करार लिहा: काका केवळ नॉमिनी म्हणून रक्कम स्वीकारत आहेत, वारस अमुक अमुक. काका सरळ आहेत म्हणूनच आत्ता लिहून घ्या. हा कागद काकांच्याही सोयीचा आहे, उद्या आयकराने विचारलं तर दाखवायला.

आजीचं खरं आहे. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीने. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे ठेवी, फ्लॅट, जमिनीतला बाबांचा हिस्सा, सगळ्याचे चार सारखे भाग: आई, तुम्ही, भाऊ, आजी. तुमचं लग्न झालंय याने काही फरक पडत नाही.

आता यापुढचं नीट वाचा. आजी काहीच न करता गेल्या, तर त्यांचा पाव हिस्सा त्यांच्या वारसांकडे जातो: एक तृतीयांश काका, एक तृतीयांश आत्या, आणि उरलेला तृतीयांश बाबांच्या जागी तुम्ही दोघं भावंडं. यात तुमची आई नाही, सुनेला तिथे जागा नाही. म्हणजे पुण्याच्या फ्लॅटमध्ये काका आणि आत्या प्रत्येकी बाराव्या हिश्श्याचे मालक. त्यानंतर फ्लॅट विकायचा तर त्यांच्याही सह्या, आणि तेही नसले तर त्यांच्या मुलांच्या.

सोसायटीत आई नॉमिनी आहेत, म्हणून सोसायटी त्यांना तात्पुरतं सभासद करून घेईल. मालकी त्यामुळे ठरत नाही. वारसांच्या नावे हस्तांतरणाला सोसायटी प्रीमियम मागत असेल तर देऊ नका.

माणदेशी

सातबाऱ्याचं तेवढं सांगतो. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या होतो. तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला तरी नोंद होतेच. फेरफार (नोंदीतला बदल) पडला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. फेरफारात सगळी नावं आली का ते स्वतः वाचा. लेकींची नावं "राहून जायची" जुनी खोड अजून गेलेली नाही.

रानजाई

सगळे सही कशी घ्यायची ते सांगतायत. आजींना काय हवंय ते कुणी विचारलंय का? पाव हिस्सा त्यांचा आहे, तो तुम्ही त्यांच्याकडून "सोडवून" घ्यायची वस्तू नाही. ८७ व्या वर्षी दवाखाना, बाई ठेवणं, हा खर्च सध्या काका करतायत. काकूंच्या बोलण्यामागे हेही असू शकतं. मी तुमच्या जागी असते तर अकरा लाखांतला आजींचा भाग आधी त्यांच्या नावे ठेव म्हणून टाकला असता आणि मग फ्लॅटचा विषय काढला असता.

कोयनाकाठ

रानजाई, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ठेवींतला हिस्सा आजीचाच, त्यात विचारायचं काय. रविवारी गावी जाऊन काकांशी बोललो. काकूही होत्या. आजीच्या नावे ठेव हे ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला, एवढंच लिहिते.

फ्लॅटचं आजीला मीच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सूनबाईला घराबाहेर काढायला कोण येणार आहे?" कुणी नाही म्हटलं. "मग माझा अंगठा कुठं हवाय ते सांग." तिला सही येते, पण हात थरथरतो.

प्रश्न असे उरले: आजीला कराडपर्यंतही नेणं कठीण आहे, पुण्याचं तर सोडाच. भाऊ दिवाळीशिवाय येऊ शकत नाही. आणि अंगठा पुढे कुणी नाकारला तर?

सनदशीर

आजींनी फ्लॅटमधला हिस्सा सोडल्याचा दस्त, म्हणजे हक्कसोडपत्र, नोंदणीकृतच लागतं, साध्या स्टॅम्पपेपरवर किंवा नोटरीवर भागत नाही. आजारी, वृद्ध व्यक्तीसाठी दुय्यम निबंधक गृहभेटीला येतात, त्यासाठी अर्ज, शुल्क आणि डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो. दाखल्यात "चालता येत नाही" एवढंच नको, "मजकूर समजून घेण्याइतकी मनःस्थिती उत्तम" हेही हवं. तो त्याच दिवसाचा घ्या. अंगठा चालतो. साक्षीदारांत काका किंवा आत्या असतील तर पुढच्या हरकतीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. सही करताना तुम्ही आणि आई खोलीबाहेर थांबा, निबंधकांना आजींशी एकटं बोलू द्या.

आजी हिस्सा सुनेच्या नावे सोडणार की नातवंडांच्या, हे आधी ठरवा, मुद्रांक शुल्काचा हिशेब त्यावर अवलंबून आहे. गृहभेट जमत नसेल तर आजींनी आपल्या पाव हिश्श्याचं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी.

भावासाठी थांबायची गरज नाही. मेलबर्नच्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र (त्याच्या वतीने इथे सही करायचा अधिकार देणारा कागद) साक्षांकित करून पाठवू दे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं असतं, पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

पासबुक

आणि बाबांचं पॅन घाईने रद्द करू नका. १ एप्रिलपासून ते जाईपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. मार्चमध्ये गेले म्हणजे जवळजवळ अख्ख्या आर्थिक वर्षाचं. आयकराच्या संकेतस्थळावर आईंची कायदेशीर वारस म्हणून नोंद करा. ठेवींवर कापलेला टीडीएस त्यातूनच परत मिळेल. तो परतावाही बाबांचाच, म्हणजे चौघांचा.