वापरलेली नेक्सॉन ईव्ही : सातारा-पुणे-सातारा एका चार्जिंगमध्ये होईल का?

प्रश्न (सातारा)

एप्रिल २०२१ मध्ये नोंदणी झालेली आणि ४६,००० किलोमीटर चाललेली टाटा नेक्सॉन ईव्ही घेण्याचा विचार आहे. बॅटरी ३०.२ युनिटची आहे. कागदोपत्री रेंज ३१२ किलोमीटर असली, तरी सध्याचे मालक दोनशेच्या आसपास सांगतात. आईच्या उपचारांसाठी मला महिन्यातून दोनदा पुण्याला जावे लागते. जाऊन-येऊन सुमारे २२० किलोमीटर होतात आणि वाटेत खंबाटकी घाट लागतो. परतताना थकलेल्या आईला चार्जिंगसाठी ताटकळत बसावे लागू नये, ही माझी मुख्य काळजी आहे. बॅटरी किती शिल्लक आहे हे घेण्यापूर्वी कसे पडताळावे?

उत्तर १ (पुणे)

मालकांनी सांगितलेला आकडा खरा वाटतो. ३१२ हा आकडा ठरावीक चाचणीतला असतो आणि त्या चाचणीचा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे महामार्गाशी त्याची तुलना होत नाही. माझ्याकडे याच बॅटरीची गाडी असून, ताशी ७५-८० च्या वेगाने मला एका युनिटमागे सात किलोमीटर मिळतात, तर शंभरच्या वेगाने जेमतेम साडेपाच. म्हणजे त्याच बॅटरीवर एकदा २१० आणि एकदा १६५ किलोमीटर.

घाटाची भीती मात्र बाळगू नका. सातारा पुण्यापेक्षा साधारण पावणेदोनशे मीटर उंच आहे आणि माणसांसह सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला निव्वळ एक युनिटही लागत नाही. मधल्या चढावर जास्तीची वीज जाते खरी, पण तिचा काही भाग उतारावर बॅटरीत परत येतो. रेंज खाणारा खरा शत्रू वेग आहे, कारण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर अवरोध चौपट.

तरीही २२० किलोमीटर एका चार्जिंगमध्ये धरून चालू नका. आईंची तपासणी चालू असताना पुण्यातच जलद चार्जरवर अर्धा तास गाडी लावलीत, तर परतताना थांबावे लागणार नाही. चार्जर बंद असल्याचा अनुभव मला दोनदा आला आहे, म्हणून जवळचा दुसरा चार्जर आधीच हेरून ठेवा.

उत्तर २ (कोल्हापूर)

बॅटरी पडताळण्यासाठी गाडी १०० टक्के चार्ज करून २० टक्क्यांपर्यंत एका दमात चालवा आणि पडद्यावरचा सरासरी वापर टिपा. समजा, १५० किलोमीटरला किलोमीटरमागे १४० वॉट-तास लागले, तर ८० टक्क्यांत २१ युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास) खर्च झाले, म्हणजे पूर्ण बॅटरी सुमारे २६ युनिटची उरली. हा अंदाजच आहे, पण निव्वळ शिल्लक किलोमीटरचा आकडा पाहण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा.

या गाडीची बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची आहे. टक्क्यांचा अंदाज घ्यायला व्होल्टेजची मदत होते, पण तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहत असल्याने, नेहमी अर्धवट चार्ज केल्यास टक्क्यांचा अंदाज चुकत जातो. म्हणून चाचणीपूर्वी, आणि पुढेही अधूनमधून, ती पूर्ण चार्ज करावी. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर असते. ती दुसऱ्या मालकाच्या नावे चालू राहील, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

प्रश्नकर्ता (सातारा)

तपासणीच्या वेळेतच चार्जिंग उरकण्याचे मला सुचलेच नव्हते. मनावरचे मोठे ओझे उतरले. रविवारी मालकांना सोबत घेऊन चाचणी करतो. आमचे घर जुने आहे, तेव्हा साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभर चार्जिंग चालेल का?

उत्तर १ (पुणे)

चालेल, नऊ-दहा तास लागतील. मात्र तारेची जाडी आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग सुरूच होत नाही. प्लगसाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या, एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नका.