जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? आनंद किती आणि खर्च किती?

प्रश्न (नवा चालक):

गेली आठ वर्षे मी एक साधी, भरवशाची हॅचबॅक चालवत आहे आणि तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. मात्र गेल्या महिन्यात एका मित्राने त्याची दोन आसनांची माझदा एमएक्स-5 मला तासभर चालवायला दिली आणि तेव्हापासून ती गाडी मनातून जात नाही. आम्ही वेगात गेलो नव्हतो. तरीही गिअरचा आखूड दांडा मनगटाच्या एका हिसक्यासरशी जागेवर बसत होता, स्टिअरिंग जरासे वळवताच गाडीचे नाक वळत होते आणि रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहातांना कळत होता. परतल्यावर इंजिन बंद करूनही मी काही वेळ तिच्यातच बसून राहिलो.

आता माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे तशीच लहान रोडस्टर, म्हणजे उघडता येणाऱ्या छताची दोन आसनी गाडी, आणि दुसरा म्हणजे दहा वर्षे जुनी, सहा सिलिंडरची टर्बो कूपे, म्हणजे पक्क्या छताची दोन दारांची गाडी, जी आज नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळत आहे. ताकदीत दुसरी कितीतरी पुढे आहे. अशा गाडीचा खरा खर्च नेमका कुठे होतो आणि सुरुवातीचा आनंद काही वर्षांनी ओसरतो का, हे ज्यांनी त्या स्वतः सांभाळल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (वळणवाट):

नऊ वर्षे मी लहान रोडस्टर सांभाळत आहे, त्यामुळे माझे माप त्याच पारड्यात पडणार, हे आधीच नमूद करतो. आपल्याला त्या तासाभरात जे जाणवले, त्याचे श्रेय ताकदीपेक्षा कमी वजनाला जाते. एमएक्स-5 1989 साली बाजारात आली तेव्हा तिचे इंजिन अवघे 1.6 लिटरचे होते, पण गाडीचे वजनही एक टनाच्या आत होते आणि ते पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान वाटलेले होते. हलकी गाडी वळणात सहज शिरते, ब्रेक लावताच आवरते आणि टायरांची पकड सुटण्याआधी स्टिअरिंगमधून व आसनातून चालकाला पुरेशी सूचना देते. हा आनंद वेगमर्यादेच्या आतही मिळतो आणि माझ्या बाबतीत तो तसूभरही ओसरलेला नाही.

खर्चाचे म्हणाल, तर ज्या गुणांमुळे गाडी आवडते तेच गुण पैसे मागतात. टायर रस्ता धरून ठेवतो कारण त्याचे रबर मऊ असते, आणि मऊ रबर लवकर झिजते. अनेक स्पोर्ट्स गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असल्यामुळे त्यांची अदलाबदल करून आयुष्य वाढवण्याची सोयही नसते. शिवाय वळणात टायर नीट टेकावा म्हणून चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात आणि त्यामुळे आतली कड आधी संपते. तिसऱ्या वर्षी मला हे अनुभवाने कळले. बाहेरून नक्षी शाबूत दिसत होती; चाक काढून आतल्या कडेवरून बोट फिरवले, तेव्हा रबर संपून उघड्या पडलेल्या तारांची टोके बोटाला टोचली. त्याआधी दोन दिवस मी तीच गाडी मुसळधार पावसात चालवली होती. तेव्हापासून दर महिन्याला खाली वाकून चारही टायरांची आतली कड पाहतो आणि अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याच्या, खर्चाला कधीही का-कू करत नाही.

प्रतिसाद (पानापक्कड):

माझा व्यवसाय गाडीदुरुस्तीचा आहे. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची उतरत नाही, एवढी एकच गोष्ट ग्राहकांनी आधी ध्यानात घेतली असती तर माझ्याकडे अर्धवट दुरुस्त होऊन पडलेल्या कूपे दिसल्या नसत्या. टोकाचे उदाहरण म्हणजे फेरारी एफ355. तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, बदलण्यासाठी अख्खे इंजिन उतरवावे लागते आणि गाडी फारशी चालली नसली तरी तो ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. आपली कूपे इतकी अवघड नसेल, परंतु दाटीवाटीने बसवलेल्या टर्बो इंजिनात लहानसा पाइप बदलायलाही कित्येक तास जातात.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि थांबताना तिची उष्णता होऊन त्या उष्णतेचा भार मुख्यतः डिस्क व पॅडवरच येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा मुरल्यावर तो 155 अंशांच्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळले की पेडल मऊ पडून तळाला जाते. म्हणून ते दोन वर्षांनी बदलावेच, गाडी उभी असली तरीही.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंडच ठेवण्यास मालकाला आधी सांगावे, कारण खडखड आणि धूर पहिल्या स्टार्टलाच पकडता येतो. टायरच्या बाजूवरील चार अंकही वाचावेत. 2319 याचा अर्थ टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. ज्याने चारही टायर वेगवेगळ्या बनावटीचे लावले आहेत, त्याने न दिसणाऱ्या जागीही हात आखडलेला असतो, असा माझा अनुभव आहे. आधीच्या मालकाने इंजिनात काही बदल केले असल्यास ते विमा कंपनीला कळवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

प्रतिसाद (दोन दारे):

मी अशीच मोठी कूपे घेतली आणि दोन वर्षांनी विकली. ती मोडली नाही, खर्चही झेपत होता. पण दुसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादा ओलांडली जात असे आणि तिची खरी ताकद वापरण्याजोगा रस्ता मला कधी सापडलाच नाही. आठवडेच्या आठवडे ती उभी राहू लागली, तेव्हा मला तिच्याविषयी वाईट वाटू लागले.

प्रश्नकर्ता:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मित्राच्या गाडीच्या टायरांची आतली कड चाचपून पाहिली. मागचा एक टायर जवळजवळ गुळगुळीत झाला होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. कूपेचा विचार मी सोडला आहे. रविवारी एक रोडस्टर पाहायला जात आहे आणि इंजिन थंड ठेवण्यास सांगितले आहे. कापडी छतामुळे वेगळे काही तपासावे का?

प्रतिसाद (वळणवाट):

अवश्य तपासावे. छताच्या कडेने येणारे पाणी मागच्या दोन नळ्यांतून खाली उतरते. पाने आणि माती अडकून त्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्यात साचते आणि तो आतून गंजत जातो, वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. सोबत बाटलीभर पाणी न्यावे, दोन्ही बाजूंना थोडे थोडे ओतावे आणि ते मागच्या चाकांपुढे जमिनीवर पडते का, हे पाहावे.