११ जुलैला बेळगावात पणत्या लावायच्या का?

शहापूरकर: आमच्या गल्लीत या ११ जुलैला संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ दिवे मालवून बसायचं, पणत्या लावायच्या आणि लाऊडस्पीकरवरून चार शब्द बोलायचे, असं मी सुचवलंय. २००६ साली त्याच ११ मिनिटांत मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. पहिल्या वर्गाचे डबे. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसं गेली. माझे काका तेव्हा बोरिवलीला राहायचे. त्या रात्री मुंबईचा एक फोन लागत नव्हता. आई साडेअकरापर्यंत नंबर फिरवत होती. काका सुखरूप होते, गाडी चुकली होती त्यांची. आपल्याकडच्या किती घरांतली माणसं मुंबईला आहेत, मोजा तरी.

अनगोळचा: काय बोलूलालाय तुम्ही! १७ जानेवारीला, सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला, आपल्या हुतात्मा चौकात किती जण येतात, ते आधी बघा. १९५६ ला गोळीबारात गेलेले आपले, १९८६ ला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गेलेले हिंडलग्याचे आपले. त्यांची नावं पोरांना पाठ नाहीत आणि मुंबईच्या पणत्या?

शहापूरकर: १७ जानेवारीला मी दरवर्षी असतो. एका दिवशी गेलो म्हणून दुसऱ्या दिवसाचं तेल संपत नाही.

निपाणीकर: माझा विरोध वेगळा आहे. २०१५ ला विशेष न्यायालयानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाचांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. मग पणती लावून म्हणायचं काय? कुणी केलं तेच ठरलेलं नाही. दोन वाक्यांत कुणीतरी एका समाजाकडे बोट दाखवणार, आणि आपल्या गल्लीत ते मला नको.

खानापूरची लेक: बोट दाखवणाऱ्याला बसू देऊ नका, एवढं तर गल्लीच्या हातात आहे की. रुळालगतच्या वस्तीतल्या लोकांनी घरातल्या चादरींत घालून जखमींना उचललं, तेव्हा कुणी कुणाची जात विचारली नव्हती. खटल्याचा निकाल काहीही लागो, गेलेली माणसं गेलीच. आणि त्या १२ जणांतला एक २०२१ मध्ये तुरुंगातच वारला. तोही हिशेब मनात ठेवूनच बसावं, असं मला वाटतं.

निपाणीकर: हे पटलं. तरी शोकाला आधी खरं काय ते कळायला हवं, यावर मी ठाम आहे. एवढी वर्षं उलटून कुणी केलं ते सांगता येत नाही, हा त्या १८० घरांवर दुसरा अन्याय आहे. पणत्यांपेक्षा तेच आधी मोठ्यानं बोला.

अनगोळचा: मी येणार नाही. पण लोकांना अडवणारही नाही.

खानापूरची लेक: एक विनंती, शहापूरकर. माझी मोठी जाऊ तेव्हा खारच्या गाडीत होती, शेजारच्या डब्यात. जीव वाचला, पण डाव्या कानानं अजून ऐकू येत नाही, आणि कुकरची शिट्टी झाली की दचकते. तिला मी घेऊन येईन. तो लाऊडस्पीकर तेवढा काढा.